ऊर्जेचा माग काढत वीज आणि चुंबकत्व कसे समजून घ्यावे

विजेचा अभ्यास सुरू करणाऱ्या बहुतेकांची पहिली गाठ पडते ती सूत्रांशी. विभवांतर (व्होल्टेज) म्हणजे धारा (करंट) गुणिले रोध (धारेला होणारा अडथळा), शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा अशी समीकरणे पाठ होतात, उदाहरणे सुटतात, गुणही मिळतात. मात्र ‘दिव्यातून बाहेर पडणारी धारा आत शिरलेल्या धारेपेक्षा कमी असते का?’ असे साधे विचारले की गाडी अडते. अभ्यासाचा क्रमच उलटा होतो, हे याचे खरे कारण आहे असे माझे ठाम मत आहे. आधी वस्तू हातात घ्यावी, तिच्यात काय बदलते ते पाहावे, त्या बदलासाठी लागणारी ऊर्जा कुठून आली आणि कुठे गेली हे विचारावे आणि सूत्र सगळ्यांत शेवटी लिहावे. पुढील मांडणी याच क्रमाने केली आहे.

साहित्य आणि खबरदारी

१.५ व्होल्टचे दोन साधे विद्युतघट, टॉर्चमध्ये बसणारे तंतूचे दोन एकसारखे छोटे दिवे, इनॅमलचा थर असलेली तांब्याची तार, होकायंत्र, लोखंडी खिळा, चुंबक आणि विभवांतर, धारा व रोध मोजणारा एक साधा मल्टिमीटर एवढे साहित्य बहुतेक प्रयोगांना पुरते. शेवटच्या पावलात पुठ्ठ्याची नळी, छोटी मोटार आणि तांब्याचा पाइप अशा आणखी काही वस्तू लागतात. भिंतीवरच्या सॉकेटमधली वीज या अभ्यासात कुठेही वापरायची नाही. लिथियमचे रिचार्ज होणारे घटही नकोत, कारण त्यांची दोन टोके चुकून थेट जोडली गेली तर ते धोकादायकरीत्या तापतात. निओडिमियमचे ताकदवान चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. पोटात गेलेले दोन चुंबक आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटू शकतात आणि जिवावर बेतते.

तारेबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. इनॅमलचा थर पारदर्शक असतो, त्यामुळे तार उघडीच आहे असे वाटते. दोन्ही टोकांचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा भाग सँडपेपरने सर्व बाजूंनी घासून, गर्द तांबूस रंग जाऊन लखलखीत गुलाबी धातू दिसेपर्यंत स्वच्छ करावा. मी स्वतः एकदा घटच उतरले आहेत असे समजून संपूर्ण संध्याकाळ ते बदलण्यात घालवली होती. अडचण त्या न घासलेल्या टोकांत होती.

पहिले पाऊल: धारा खर्च होत नाही

एक घट, एक दिवा आणि दोन तारा घेऊन दिवा लावावा. मग एक तार काढावी. दिवा विझतो, आणि तार कुठेही तोडली तरी विझतोच. घटाच्या एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकापर्यंत परत येणारी अखंड वाट असल्याशिवाय धारा वाहत नाही. या वाटेलाच परिपथ म्हणतात.

आता दोन्ही घट एकापुढे एक ठेवावेत आणि दोन्ही दिवे एकसर, म्हणजे एकाच वाटेवर एकामागून एक जोडावेत. जोडण्यापूर्वी कागदावर अंदाज लिहावा: पहिला दिवा जास्त उजळेल, दुसरा, की दोन्ही सारखे? ‘पहिला दिवा थोडी वीज खाऊन टाकेल, दुसऱ्याला उरलेली मिळेल’ असे उत्तर पुष्कळ जण देतात. प्रत्यक्षात दोन्ही सारखेच उजळतात. एवढ्यावर न थांबता मल्टिमीटर धारा मोजण्याच्या स्थितीत ठेवून परिपथ तोडावा आणि मीटर त्या वाटेतच बसवावा. आधी पहिल्या दिव्यापूर्वी, मग दोन दिव्यांच्या मध्ये, मग दुसऱ्या दिव्यानंतर. तिन्ही वाचने सारखी येतील.

याचा अर्थ असा की धारा दिव्यात खर्च होत नाही. धारा म्हणजे विद्युत प्रभाराचे (चार्जचे) वहन. प्रभार नाहीसा होत नाही, तो फक्त फिरत राहतो. एक अँपिअर धारा म्हणजे तारेच्या कोणत्याही छेदातून दर सेकंदाला एक कूलोम प्रभार जाणे, आणि एक कूलोम म्हणजे सुमारे सहावर अठरा शून्ये इतक्या इलेक्ट्रॉनांचा एकत्रित प्रभार. संख्या अफाट आहे, परंतु वेग मात्र अगदी मंद असतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा जात असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरीने सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर सरकतात. म्हणजे एका तासात जेमतेम पाव मीटर.

मग कळ दाबताक्षणी दिवा लागतो कसा? सायकलची साखळी डोळ्यांपुढे आणावी. पायडल मारल्यावर पुढची कडी मागच्या चाकापर्यंत पोहोचण्याची वाट आपण पाहत नाही. साखळी सगळीकडे आधीपासून आहे, त्यामुळे ती एकदमच हलते आणि मागचे चाक लगेच फिरते. तारेतही इलेक्ट्रॉन सर्वत्र आधीपासून असतात. त्यांना ढकलणारे विद्युत क्षेत्र प्रकाशाच्या वेगाशी तुलना होईल इतक्या वेगाने परिपथभर पसरते. साखळीची उपमा मला पाण्याच्या नळीपेक्षा अधिक उपयोगी वाटते, कारण तिच्यात दोन गोष्टी स्वच्छ वेगळ्या दिसतात: साखळी गोल फिरून परत येते आणि ऊर्जा मात्र पायाकडून चाकाकडे एकाच दिशेने जाते.

दिशेबद्दल थोडक्यात सांगायचे तर, धारा धन टोकाकडून ऋण टोकाकडे वाहते असे मानण्याचा संकेत इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीचा आहे. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात धन आणि ऋण ही नावे रूढ केली आणि जे. जे. थॉमसनचा इलेक्ट्रॉन आला १८९७ मध्ये. इलेक्ट्रॉन उलट दिशेने सरकतात हे लक्षात ठेवून जुना संकेत तसाच वापरावा. त्याने कोणतेही गणित चुकत नाही.

दुसरे पाऊल: विभवांतर दोन बिंदूंमध्ये असते

‘या तारेतून किती व्होल्ट वाहतात?’ असा प्रश्न कानांवर आला की समजावे, इथे गोंधळ आहे. विभवांतर, ज्याला आपण बोलताना व्होल्टेज म्हणतो, ते वाहत नाही. ते नेहमी दोन बिंदूंमध्ये असते. मल्टिमीटर वापरण्याच्या पद्धतीतच हा फरक शिकायला मिळतो. धारा मोजताना परिपथ तोडून मीटर वाटेत बसवावा लागतो. विभवांतर मोजताना काहीच तोडावे लागत नाही. मीटरची दोन टोके दिव्याच्या दोन बाजूंना नुसती टेकवायची. धारा मोजण्याच्या स्थितीत असलेला मीटर मात्र थेट घटाच्या दोन टोकांना कधीही लावू नये, कारण त्या स्थितीत मीटरचा रोध नगण्य असतो आणि आतला फ्यूज उडतो.

एक व्होल्ट म्हणजे एका कूलोममागे एक ज्यूल. ही व्याख्या नुसती पाठ न करता तिच्या आधाराने मघाचा एकसर परिपथ वाचावा. दोन घटांच्या टोकांना मीटर लावून येणारे वाचन लिहावे, मग प्रत्येक दिव्याच्या टोकांचे विभवांतर मोजावे. दोन दिव्यांची बेरीज जवळजवळ घटांच्या वाचनाइतकी येते. घटांवर ३ व्होल्ट दिसत असतील, तर प्रत्येक दिव्यावर सुमारे दीड. प्रत्येक कूलोम घटांतून जाताना ३ ज्यूल ऊर्जा घेतो, पहिल्या दिव्यात दीड ज्यूल देतो, दुसऱ्यात दीड ज्यूल देतो आणि पुन्हा घटांकडे येतो. प्रभार तेवढाच राहिला, ऊर्जा मात्र वाटेत दिली गेली. विजेच्या अभ्यासातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य कोणते असे मला विचारले, तर मी हेच सांगेन.

हेच दोन दिवे समांतर जोडून, म्हणजे प्रत्येकाला घटांच्या दोन्ही टोकांशी स्वतंत्र वाट देऊन, पुन्हा मोजावे. आता प्रत्येक दिव्यावर घटांचे संपूर्ण विभवांतर मिळते, दोन्ही अधिक उजळतात आणि घटांतून निघणारी धारा दोन वाटांत विभागली जाते. त्या दोन धारांची बेरीज मूळ धारेइतकी येते का, हे स्वतः तपासावे. दिव्यांवर ३ व्होल्टपेक्षा कमी आकडा लिहिलेला असेल, तर ते या जोडणीत फार वेळ लावून ठेवू नयेत.

तिसरे पाऊल: रोध आणि त्याची मर्यादा

विभवांतराला धारेने भागले की रोध मिळतो आणि त्याचे एकक ओहम आहे. ६ ओहम रोधाच्या टोकांना ३ व्होल्ट लावले तर ०.५ अँपिअर धारा वाहते. गेऑर्ग ओहमने १८२७ मध्ये हा संबंध मांडला, परंतु तो तापमान कायम असतानाच लागू पडतो, ही अट बहुधा विसरली जाते. ती विसरू नये म्हणून एक प्रयोग करावा. विझलेल्या, थंड दिव्याचा रोध मल्टिमीटरने मोजावा. मग दिवा लावून त्याचे विभवांतर आणि धारा मोजावी व भागाकार करावा. २.५ व्होल्ट आणि ०.३ अँपिअर असे लिहिलेला दिवा पूर्ण उजळलेला असताना त्याचा रोध सुमारे ८.३ ओहम भरतो, तर थंड असताना तो याच्या कित्येक पटींनी कमी दिसतो. मीटर चुकलेला नसतो. तापलेल्या टंगस्टनच्या तंतूत अणूंची कंपने वाढतात, इलेक्ट्रॉनांना अडथळा अधिक होतो आणि रोध वाढतो.

चौथे पाऊल: शक्ती आणि ऊर्जा यांची गल्लत टाळणे

ऊर्जा किती, हा एक प्रश्न. ती किती वेगाने दिली जाते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ज्यूलमध्ये, दुसऱ्याचे वॅटमध्ये, आणि एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. मघाच्या दिव्याला २.५ व्होल्टवर ०.३ अँपिअर मिळत असेल, तर त्याची शक्ती ०.७५ वॅट आहे. तो तासाभरात २७०० ज्यूल ऊर्जा प्रकाश आणि मुख्यतः उष्णता या रूपांत बाहेर टाकतो. किलोवॅट-तास हे नाव ऐकून पुष्कळांना ते शक्तीचे एकक वाटते, पण ते ऊर्जेचे आहे: १००० वॅट गुणिले ३६०० सेकंद, म्हणजे ३६ लाख ज्यूल.

या आकड्यांचा अंदाज हाताला यावा म्हणून एक तुलना करून पाहावी. रिमोटमध्ये बसणाऱ्या एका चांगल्या अल्कलाइन घटात साधारण १०,००० ज्यूल ऊर्जा असते. एक किलोचे वजन एक मीटर उचलायला सुमारे ९.८ ज्यूल लागतात. म्हणजे त्या बोटाएवढ्या घटातली सगळी ऊर्जा वाया न जाता वापरता आली, तर ते वजन सुमारे एक किलोमीटर उंच जाईल. तेवढ्याच घटाने पाणी तापवायचे ठरवले, तर चित्र पालटते. एक लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ३,१४,००० ज्यूल लागतात, म्हणजे असे तीसहून अधिक घट. उष्णतेला किती प्रचंड ऊर्जा लागते हे एकदा ध्यानात आले की, तापवणारी उपकरणेच सर्वाधिक वीज का ओढतात हे वेगळे सांगावे लागत नाही.

दूरवर वीज नेताना उच्च विभवांतर का वापरतात, हेही याच हिशेबातून कळते. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती धारेच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. तेवढीच शक्ती दहापट विभवांतराने पाठवली, तर धारा एक दशांश होते आणि तारेतला ऱ्हास एक शतांशावर येतो.

पाचवे पाऊल: होकायंत्रावर तार

१८२० मध्ये हान्स क्रिस्टियान ओर्स्टेडला धारा वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची वळताना दिसली आणि तोपर्यंत वेगळे मानले गेलेले वीज व चुंबकत्व हे दोन विषय एकत्र आले. हा प्रयोग घाईने उरकू नये. होकायंत्र टेबलावर सपाट ठेवावे. आसपास लोखंडी वस्तू, मोबाइल किंवा चुंबक नको. सूची स्थिरावली की एक तार होकायंत्राच्या काचेवर अगदी उत्तर-दक्षिण, म्हणजे सूचीला समांतर ठेवावी. ती पूर्व-पश्चिम ठेवली तर तारेचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्याच रेषेत येते आणि बहुधा काहीच हलल्याचे दिसत नाही. तारेशी दिवा एकसर जोडून परिपथ पूर्ण करावा. सूची थोडीशी सरकते, थरथरते आणि नव्या दिशेला थांबते. घटांची टोके उलटी केली की ती दुसऱ्या बाजूला वळते. तार काचेच्या वर न ठेवता होकायंत्राखाली ठेवली, तरीही बाजू बदलते.

हे शेवटचे निरीक्षण मोलाचे आहे. तारेच्या वर एका दिशेला आणि खाली विरुद्ध दिशेला असणारे क्षेत्र तारेभोवती वर्तुळाकारच असले पाहिजे. उजव्या हाताचा अंगठा धारेच्या दिशेने ठेवून तार मुठीत धरल्याची कल्पना केली, तर बोटे क्षेत्राची दिशा दाखवतात. हा नियम पाठ करण्यापेक्षा सूचीकडे पाहून मनाशी पडताळावा. एक अँपिअर धारेमुळे तारेपासून एक सेंटिमीटर अंतरावर २० मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) इतके क्षेत्र तयार होते, आणि पृथ्वीचे क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असते. दिव्यातून जाणारी धारा याहून कमी असल्याने सूची थोडीच वळते. आता तीच तार होकायंत्राभोवती वरून आणि खालून दहा वेळा गुंडाळावी. प्रत्येक वेढ्याच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने भर घालतात आणि सूची झोकात वळते. हेच साधे गॅल्व्हानोमीटर, म्हणजे लहान धारा ओळखणारे साधन झाले.

तार खिळ्यावर गुंडाळली की विद्युत चुंबक मिळतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. लोखंडात अतिसूक्ष्म चुंबकीय प्रदेश आधीपासूनच असतात. वेढ्यांचे क्षेत्र त्यांना एका दिशेने वळवते, म्हणून खिळ्यामुळे जोर अनेक पटींनी वाढतो. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले तर ही शिस्त मोडते आणि त्याचे प्रबळ चुंबकत्व जाते.

चुंबकाविषयी एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो: चुंबक लोखंडी दाराला वर्षानुवर्षे चिकटून राहतो, तर त्याची ऊर्जा संपत कशी नाही? उत्तर असे की, चिकटून राहण्यासाठी ऊर्जा लागतच नाही. कार्य घडण्यासाठी बलाच्या दिशेने विस्थापन व्हावे लागते, आणि दाराला चिकटलेला चुंबक हलत नाही. खिळा चुंबकाकडे ओढला जातो तेव्हा क्षेत्रात साठलेली ऊर्जा त्याच्या गतीत येते. तो परत ओढून काढताना तेवढी ऊर्जा आपल्या हाताला द्यावी लागते. नुसत्या चुंबकांवर अखंड चालणारे यंत्र बनवण्याचे प्रयत्न इथेच फसतात. विद्युत चुंबकाला सतत वीज लागते ती तारेच्या रोधात निर्माण होणाऱ्या उष्णतेपायी. रोध शून्य असलेल्या अतिवाहक तारेच्या वेटोळ्यात धारा घटाशिवाय फिरत राहते, आणि एमआरआय यंत्रांतील मोठे चुंबक याच तत्त्वावर चालतात.

सहावे पाऊल: बदलाशिवाय काही मिळत नाही

विजेमुळे चुंबकत्व मिळते, तर चुंबकामुळे वीज का मिळू नये, असा विचार ओर्स्टेडनंतर अनेकांनी केला. मायकेल फॅरेडेने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून पाहिले, तेव्हा दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेली सूची घट जोडतानाच्या आणि तोडतानाच्या क्षणीच हलली. मधल्या काळात धारा वाहत असूनही ती स्वस्थ होती. चुंबकीय क्षेत्र असणे पुरेसे नाही, ते बदलले पाहिजे.

पुठ्ठ्याच्या नळीवर तारेचे शंभरएक वेढे घ्यावेत, टोके मल्टिमीटरला लावून तो विभवांतराच्या सर्वांत लहान टप्प्यावर ठेवावा आणि चुंबक नळीत सरकवावा. आकडा उसळतो. चुंबक आत तसाच धरून ठेवला तर आकडा शून्यावर येतो. बाहेर काढताना चिन्ह उलटते. वेग वाढवला की आकडाही वाढतो. बारीक तारेचे हजारभर वेढे आणि ताकदवान चुंबक असेल, तर जोरात हलवल्यावर लाल एलईडीही लुकलुकतो. जनित्रात (जनरेटरमध्ये) हेच सतत घडवले जाते, आणि विभवांतर कमी-जास्त करणारे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) स्थिर धारेवर चालत नाही त्याचेही कारण हेच.

ही ऊर्जा येते कुठून? १८३४ मध्ये लेन्झने सांगितलेला नियम याचे उत्तर देतो: प्रवर्तित धारा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र बदलल्याने उत्पन्न होणारी धारा, ज्या बदलामुळे निर्माण झाली, त्या बदलालाच विरोध करते. सायकलचा डायनॅमो किंवा हाताने फिरवायचे छोटे जनित्र मिळाले, तर दिवा न जोडता ते फिरवून पाहावे आणि मग दिवा जोडून फिरवावे. दिवा जोडताच मूठ जड होते. तो जडपणा म्हणजेच दिव्याला जाणारी ऊर्जा. ती आपल्या दंडातून जात असल्याचे स्पष्ट जाणवते. याची दुसरी बाजू छोट्या मोटारीत दिसते. तिच्याशी मल्टिमीटर एकसर जोडून धारा पाहावी आणि फिरता दांडा क्षणभर बोटांनी थोपवावा. धारा एकदम वाढते. फिरणारी मोटार स्वतःच जनित्रासारखे उलट विभवांतर निर्माण करून धारा आवरत असते. ती थांबली की तो आवर जातो. अडकलेल्या मोटारी जळतात त्या याच कारणाने.

शेवटी एक मीटर लांबीचा, जाड भिंतीचा तांब्याचा पाइप उभा धरून त्यातून निओडिमियमचा चुंबक सोडावा. तांबे चुंबकाला ओढत नाही, हे आधी बाहेरून लावून खात्री करून घ्यावे. मोकळ्या हवेत अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात पडणारा चुंबक पाइपमध्ये जणू मधातून उतरावा तसा सावकाश खाली येतो. वरून डोकावले तर तो भिंतींना न घासता हळूहळू डोलत जाताना दिसतो. खाली जाणाऱ्या चुंबकामुळे पाइपच्या भिंतीत वर्तुळाकार धारा निर्माण होतात आणि त्या त्याला मागे ओढतात. आता ऊर्जेचा हिशेब करावा. चुंबक २० ग्रॅमचा असेल तर एक मीटर उंचीवरची त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे ०.२ ज्यूल होती. खाली पोहोचताना त्याला फारसा वेग नसतो, म्हणजे ती जवळजवळ सगळी तांब्यात उष्णता होऊन गेली. पाइपचे वस्तुमान अर्धा किलो धरले, तर त्याचे तापमान एक अंशाच्या साधारण हजाराव्या भागाने वाढले असेल. हाताला ते कळणार नाही, पण हिशेब पूर्ण जुळतो.